कोऱ्या चौकोनांचे सेक्रेटरी

माझी नोकरी टिकली ती आमच्या कंपनीच्या सेक्रेटरींमुळे. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. कारण बाकीचं सांगताना त्यांच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से येणार, मी मध्येच हसणार, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाई उपकार विसरली. विसरलेली नाही. विसरायला जेवढी उसंत लागते तेवढीही मला मिळालेली नाही.

सेक्रेटरी म्हटलं की आमच्या खानापूर तालुक्यात पतसंस्थेचा नाहीतर दूध सोसायटीचा सेक्रेटरी डोळ्यांपुढे येतो. हे तसले नव्हेत. मोठ्या कंपनीत संचालकांची बैठक बोलवायची, तिथं काय ठरलं ते कायद्याला धरून लिहून ठेवायचं, आणि जे ठरलंच नाही ते लिहायला नकार द्यायचा, हे यांचं काम. शेवटचा भाग कायद्यात आहे की नाही ते मला माहीत नाही. पण तेवढा भाग ते फार मन लावून करायचे.

माणूस उंच, पाठीत थोडा वाकलेला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला जांभळ्या शाईचं पेन. मूळचे तंजावरकडचे मराठी, पण तीन-चार पिढ्यांत महाराष्ट्र कुणी पाहिलेला नाही. लग्न केलेलं नाही. तिरुवल्लिकेणीत, मरीनाच्या किनाऱ्याजवळ, एका मॅन्शनमध्ये राहायचे. मॅन्शन हे नुसतं नाव. आत एकेकट्या पुरुषांच्या आठ बाय दहाच्या खोल्या, व्हरांड्यात वाळत घातलेल्या लुंग्या आणि कोपऱ्यावर मेस. तरुणपणी सहा महिन्यांसाठी म्हणून आले ते तिथंच राहिले. तिथून माउंट रोडच्या ऑफिसात रोज चालत यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, बस आहे की दारातून." तर म्हणाले, "बस कधीं येईल तें ठाऊक नाहीं, अम्मा. पाय कधीं पोंचतील तें ठाऊक आहे."

ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचे आणि मराठीत बोलताना काका. ते मला अम्माच म्हणायचे, आणि तुम्हीं. त्यांची मराठी अशी, की आमच्या गावच्या देवळातली जुनी पोथी उठून बोलायला लागली तर ती तशी बोलेल. माझी खानापूरची. पहिले काही आठवडे आम्ही दोघं एकाच भाषेत बोलत होतो आणि दोघांनाही निम्मंच कळत होतं. पँट्रीतली सेल्वीअक्का म्हणायची, "तुम्ही दोघं तमिळमध्येच भांडा ना, आम्हालाही कळू दे."

त्यांचा एक प्रश्न ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. कुणी काही सांगितलं की मान तिरकी करून विचारायचे, "तेरियुमा? तोनुदा?" म्हणजे ठाऊक आहे की तसं वाटतंय? एचआरचे मॅनेजर म्हणाले, "सर, साधारण साठ माणसं येतील." तेरियुमा, तोनुदा? ड्रायव्हर म्हणाला, पुढे रस्ता बंद असेल. तेरियुमा, तोनुदा? शेवटी लोक त्यांच्या टेबलाशी येताना आधीच सांगायचे, "सर, तोनुदु," म्हणजे मला नुसतं वाटतंय, आणि मग बोलायला सुरुवात करायचे.

स्वतःला काही ठाऊक नसलं की मात्र ते खुलायचे. एक छोटी वही होती, वर लिहिलेलं, "आज न कळलेलें." रोज एक ओळ. एकदा त्यांनी मला वाचायला दिली. "मरीनावरचे घोडे दुपारीं कोठें जातात." "लिफ्टमधले लोक वर कां पाहतात." आणि एका पानावर, "ह्या बाईची मराठी."

मी त्यांच्या हाताखाली कशी आले ते सांगते. माझा नवरा सोन्याच्या गलाईत. आमच्या भागातली निम्मी माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली. जुनं सोनं आटवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं. नववीत असताना माझी शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि इथल्या सौकारपेठेतल्या एका खोलीत येऊन पडले. बारा-तेरा वर्षांत तेजाबाच्या धुरानं नवऱ्याची छाती गेली. जिना चढला की तो मधल्या पायरीवर बसायचा. मग मी कंत्राटदारामार्फत शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला, आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याचे तुकडे मशीनखाली ठेवायचे, मशीन दाबते, आकार घेऊन पत्रा बाहेर येतो. गाड्यांचे भाग ते. अर्ज भरताना 'शिक्षण' लिहायची वेळ आली तेव्हा कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "दहावी पास लिही. कोण बघतंय?" मी लिहिलं.

मग पुराच्या साली कारखान्याच्या गोदामात पाणी शिरलं. जुन्या बैठकांच्या वह्या तिथं ठेवलेल्या, सगळ्या भिजल्या. प्रेस बंद होते म्हणून आम्हा बायकांना पानं वाळवायला लावलं. सेक्रेटरी स्वतः आले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बाकीच्या बायका पानं मिळतील तशी पसरत होत्या. मी आकडे बघून ओळीनं मांडली. ज्या आकड्याचं पान सापडेना तिथं एक खडा ठेवला.

ते माझ्यापुढे येऊन थांबले. तमिळमध्ये विचारलं, हा दगड कशाला? मी गडबडले आणि तोंडातून मराठीच निघाली, "पान नाही, म्हणून जागा ठेवलीय."

"तुम्हीं मराठी?"

"हो."

"जागा मोकळी ठेविलीत."

"पान गावलं तर कुठं घालायचं ते कळायला नको का?"

महिन्याभरानं मला हेड ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये बोलावणं आलं. झेरॉक्स काढायची, कागद लावायचे, फायली बांधायच्या. बसून काम, पंख्याखाली, कायम नोकरी. अर्ज मात्र तोच, जुना, माझ्याआधी ऑफिसात पोचलेला.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी युरोपातली एक मोठी कंपनी आमच्या कंपनीत भागीदार झाली. त्यांची रीत अशी, की कंपनी चालवणारे वेगळे आणि चालवणाऱ्यांवर नजर ठेवणारे वेगळे. त्या दुसऱ्यांचं एक देखरेख मंडळ असतं. ते कुणी यावं आणि बसावं असं नसतं. आधी कागदावर लिहायचं: किती जण, त्यात बायका किती, मालकाच्या घराबाहेरचे किती, आणि सगळ्यांना मिळून काय काय कळायला हवं. पैशातलं कळणारा हवा, कायद्यातलं कळणारा हवा, यंत्रातलं, पाण्या-प्रदूषणातलं. यातलं काय आज आपल्याकडे नाही आणि ते कधीपर्यंत आणणार, ते उद्दिष्ट म्हणून लिहायचं आणि दरवर्षी तपासायचं. सही सेक्रेटरींची.

आमचं नऊ संचालकांचं मंडळही तसंच लिहून हवं होतं, त्यासाठी एक तक्ता आला. उभे नऊ जण, आडवे चौदा रकाने. ज्याला जे येतं त्या चौकोनात खूण. मी नऊ प्रती काढल्या आणि पाकिटांत घालून पाठवल्या. आठवड्यानं परत आल्या. नऊच्या नऊ जणांनी चौदाच्या चौदा चौकोन भरलेले. एकांनी तर अनुक्रमांकाच्या चौकोनातही खूण केली होती.

सेक्रेटरींनी तो ढीग टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्मा ठेवला.

"अम्मा, आमच्या मंडळास सर्व कांहीं येतें."

"मग चांगलंच आहे की, काका."

"काय चांगलें? सर्व चौकोन भरले, तर नवें माणूस कशाला आणावें? उद्दिष्ट कोठून काढावें? उद्दिष्ट कोऱ्या चौकोनांतून निघतें."

त्यांनी नऊही कागद परत पाठवले, सोबत जांभळ्या शाईत एक ओळ: प्रत्येक सदस्यानं किमान चार चौकोन कोरे ठेवावेत. त्या दिवशी मजल्यावर जो गोंधळ झाला तो विचारू नका. चेअरमन स्वतः केबिनमधून बाहेर आले. तमिळमध्ये बोलले, मी मराठीत सांगते. "म्हणजे मी माझ्या हातानं लिहून देऊ की मला हे येत नाही?"

"हो, सर."

"सदतीस वर्षं कंपनी चालवल्यावर?"

"सदतीस वर्षं चालवली म्हणून चारच म्हणालो. नवीन माणसाला दहा सांगितले असते."

चेअरमन हसले, पण डोळ्यांनी नाही.

एक निवृत्त बँकवाले संचालक होते. स्वभावानं गोड माणूस. ते 'यंत्र आणि उत्पादन' हा चौकोन काही केल्या सोडेनात. सेक्रेटरी म्हणाले, चला सर, एकदा गुम्मिडिपूंडीला जाऊन येऊ. मला कागद धरायला सोबत नेलं. आम्ही माझ्याच जुन्या प्रेससमोर उभे राहिलो. मशीनला पुढच्या बाजूला दोन हिरवी बटणं असतात, दोन बाजूंना, हातभर अंतरावर. सेक्रेटरींनी विचारलं, "सर, ही दोन बटणं कशाला?"

बँकवाल्यांनी नीट निरखून पाहिलं. म्हणाले, "एक बिघडलं तर दुसरं."

मशीनवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी कागद आणि पेन नुसतं पुढे केलं. बँकवाल्यांनी खूण खोडली, मग स्वतःहून आणखी तीन खोडल्या. परतताना गाडीत फार बरं वाटल्यासारखे बोलत होते. म्हणाले, "पन्नास वर्षांत मला कुणी 'माहीत नाही' म्हणायची परवानगीच दिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रेकॉर्ड रूममध्ये आले. "अम्मा, बटणें दोन कशास, तें मलाही ठाऊक नाहीं. तेथें विचारावयास लाज वाटली."

मी सांगितलं. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर. म्हणजे एकही हात मशीनच्या तोंडात नाही. आणि मग, का कोण जाणे, पुढचंही सांगितलं. जे आम्ही कुणाला सांगत नाही ते. एका बटणाच्या फटीत आगकाडी खुपसायची. बटण दाबलेलं राहतं. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. टार्गेट पुरं होतं. सुपरवायझरला माहीत असतं, तो दुसरीकडे बघतो. मीही खुपसायचे. माझ्या शेजारची मल्लिकाही. मल्लिकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कागदावर लिहिलं गेलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

"तो कागद माझ्या फाइलींत आहे," ते म्हणाले.

"असेल."

"मंडळापुढें मींच वाचून दाखविला होता. नऊ जणांनीं ऐकिला. आगकाडी कोणीं विचारिली नाहीं. मींही नाहीं."

त्या दिवशी त्यांच्या वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण तक्त्यात पंधरावा रकाना आला. 'प्रेस शॉपचा प्रत्यक्ष अनुभव.' खाली उद्दिष्ट: वर्षाच्या आत मंडळात किमान एक सदस्य असा, जो मशीनवर उभा राहिलेला आहे. आणि नऊ माणसांपुढे नऊ कोरे चौकोन. भागीदार कंपनीनं या रकान्याची पत्र लिहून तारीफ केली, त्यामुळे चेअरमनना तो काढताही येईना. मला वाटलं, आता मल्लिकाच्या वतीनं कुणीतरी तिथं बसेल. ते थकलेले जुने प्रेस बदलतील. मला नुसतं वाटलं.

त्याच सुमारास युरोपवाल्यांचं दुसरं पत्र आलं. कंपनीतल्या प्रत्येकाच्या शिक्षणाचा दाखला फाइलीत हवा. एचआरनं नोटीस लावली: महिन्याभरात दाखला आणा, अर्जात खोटं लिहिलेलं आढळलं तर नोकरी जाईल.

नोटीस मीच झेरॉक्स केली. सोळा प्रती. प्रत्येक प्रत बाहेर येताना मला वाटत होतं की या प्रतीवर तरी ते वाक्य नसेल. घरी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याची औषधं, श्वासाचा पंप, खोलीचं भाडं, मुलीची बारावी, सगळं माझ्या पगारावर. अन्न गोड लागेना. चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते डब्यातला दहीभात खात होते.

"काका, माझी दहावी झालेली नाही."

"बरें."

"अर्जात पास म्हणून लिहिलंय."

त्यांचा हात डब्यातच थांबला. "तुम्हीं चौकोन भरलात," ते म्हणाले. एवढंच. डबा तसाच झाकून ठेवला आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कागद मागायचा तर सेल्वीअक्काला सांगायचे, ती मला सांगायची. तिला वाटलं आमचं भांडण झालंय. भांडण असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसानं मला खडे ठेवले म्हणून निवडलं, त्याला मी कशी दिसत असेन, याचा विचार करून मला झोप लागत नव्हती.

चौथ्या दिवशी ते रेकॉर्ड रूमच्या दारात उभे राहिले. "अशा किती जणी आहेत?"

मला यादी काढायला दोन दिवस लागले. प्रेस शॉपच्या बायका, कँटीनचे दोघं, एक माळी. सगळ्यांच्या अर्जाला तोच कंत्राटदार. "मला ठाऊक आहेत त्या धरून तेवीस जण," मी म्हटलं. "आणखी असतील असं वाटतं."

"सरि," ते म्हणाले, म्हणजे ठीक. यादी घडी करून खिशात ठेवली, पेनामागे.

तोवर मंडळाची बैठक जवळ आली होती. उद्दिष्टांत दोन गोष्टी अपुऱ्या: आणखी एक बाई हवी आणि प्रेस शॉप कळणारं एक माणूस हवं. सेक्रेटरींनी चौकशी करून एक नाव काढलं होतं. दुसऱ्या एका कारखान्यात मशीनवर सुरुवात करून सुरक्षा अधिकारी झालेली बाई. चेअरमननी ते नाव बाजूला ठेवलं आणि आपल्या सूनबाईंचं नाव पुढे केलं. सूनबाई वाईट नव्हेत. बाहेरदेशी शिकलेल्या, आकडेमोडीत पक्क्या, लिफ्टमध्ये भेटल्या तर आपण आत येईपर्यंत दार धरणाऱ्या. पण प्रेस शॉप त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं. चेअरमनना एकाच खुर्चीत दोन्ही उद्दिष्टं बसवायची होती. सेक्रेटरींनी तीन आठवडे तो पंधरावा चौकोन कोरा ठेवला. चेअरमनचे निरोप येत होते, ते "पाहतों" म्हणत होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि नोटिशीचे उरलेले दिवसही मी मोजत होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी बांधायला कागद माझ्याकडे आले. पानं ओळीनं आहेत का बघत गेले. तक्त्याच्या पानावर सूनबाईंचं नाव, आणि पंधराव्या चौकोनात खूण. जांभळी. मी कागद उजेडाला धरला. बोट फिरवलं. वाटलं, पेन चुकून टेकलं असेल. पण पेन चुकून टेकलं तर टिंब होतं.

बांधून दिले. बैठक झाली. सूनबाई मंडळावर आल्या. दुपारी एचआरची नवी नोटीस आली. ज्यांची दहावी झालेली नाही त्यांना तीन वर्षांची मुदत; परीक्षेची फी कंपनी भरणार; जुन्या अर्जांवरून कुणावरही कारवाई होणार नाही.

मी नोटीस हातात घेऊन त्यांच्याकडे गेले. ते उशिरानं जेवायला बसले होते.

"काका, ती खूण."

त्यांनी मान वर केली नाही. "चेअरमन म्हणाले, तुम्हीं माझा एक चौकोन भरा, मी तुमचे तेवीस कोरे राहूं देतों. मीं भरिला."

"पण तुम्ही तर कधी..."

"जाऊं द्या, अम्मा. भात गार होतो."

दहीभात गारच असतो.

त्यानंतर ते आणखी आठ महिने कामावर होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी कुणालाही तो प्रश्न विचारला नाही. लोक येऊन म्हणायचे, साठ माणसं येतील, आणि ते साठ लिहून घ्यायचे. एचआरचे मॅनेजर खूश झाले, म्हणाले, वयामुळे माणूस मऊ होतो. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काका, शाई बहुतेक संपली." वाट बघत उभी राहिले. ते म्हणाले, "मागवा."

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, चांदीचा दिवा असं सगळं झालं. चेअरमननी भाषणात सांगितलं की या माणसानं आयुष्यात एक खोटं अक्षर लिहिलं नाही. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी टेबलावरच्या फुलांकडे बघत बसले. त्या सगळ्या खोलीत तिघांना खरं माहीत होतं, चेअरमनना, त्यांना आणि मला, आणि मीसुद्धा टाळ्या वाजवत होते.

आता ते त्याच मॅन्शनमध्ये आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जाते. पायांना सूज असते, मरीनापर्यंत चालवत नाही. मी दहावीला बसते हे त्यांना माहीत आहे. मुक्त शाळेतून चार विषय सुटले, गणित राहिलंय. माझ्या वहीतली उदाहरणं तपासून देतात. मला न येणारं उदाहरण मी कोरं सोडलं तर काही म्हणत नाहीत, पण उत्तर अंदाजानं लिहिलं तर वही परत देतात. मल्लिका पॅकिंगला आहे, तिनंही फॉर्म भरलाय. डाव्या हातानं लिहायला शिकतेय, त्यामुळे पेपर पुरा होत नाही. तेवीस जणांतल्या एकाचीही नोकरी गेली नाही.

प्रेस मात्र जुनेच आहेत. परवा ऑडिटचे कागद द्यायला गुम्मिडिपूंडीला गेले होते. माझ्या जुन्या मशीनवर एक नवी पोरगी होती, ओरिसाची. डाव्या बटणाच्या फटीत आगकाडी होती. मी ती काढली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटातला घास उचलला. मी वळले, तोवर तिनं दुसरी खुपसलेली. येताना आगगाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या पोरीसाठी मंडळात एक खुर्ची ठेवलेली होती. ती खुर्ची आम्हा तेवीस जणांच्या नोकऱ्यांसाठी गेली. कुणाला दोष देऊ? मी तर माझ्याच नोकरीवर बसून हे लिहितेय.

काका मला यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. एकदा मीच म्हटलं, "तुमचं हे मी कसं फेडू?" तर म्हणाले, "गणित सोडवा." पण गणित माझ्यासाठी आहे. त्यानं त्यांचं काही फिटत नाही.

गेल्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये सूनबाईंना गाठलं. त्यांनी दार धरलं होतं. मी बोलले, माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि तमिळमध्ये. म्हटलं, मॅडम, मी आठ वर्षं प्रेसवर होते. तुम्ही एकदा या, मी दाखवते. त्या म्हणाल्या, "हो, नक्की, ऑफिसकडून वेळ घ्या." मी वेळ मागितली. पुढच्या तिमाहीत बघू, असं उत्तर आलं. मी पुन्हा मागितली आहे.

तक्ता दरवर्षी नव्यानं भरतात. यंदाचा भरायला अजून पाच महिने आहेत. काका, तुम्ही माझ्यासाठी खोटी केलेली ती एक खूण मी खरी करून देईन. मॅडमना त्या मशीनपुढे उभं करीन, पाहुणी म्हणून एक दिवस नाही, लागतील तितके दिवस, शिफ्टचा भोंगा होईपर्यंत. आगकाडी कशी खुपसतात आणि का खुपसतात ते त्या पोरीच्या तोंडून त्यांना ऐकवीन. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. तोवर तुम्ही जिने उतरू नका, मेसवाल्याला डबा वर पाठवायला सांगा, आणि माझी वाट बघा.